ॲव्हरेजच्या नादात इंजिन जातं

आपल्याकडे ट्रकवाला ट्रकवाल्याला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय भो, काय ॲव्हरेज देते, म्हणजे लिटरला किती किलोमीटर? इंजिन कसं आहे, ऑइल खाते का, गरम होते का, हे कोणी विचारत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात केळीमुळे घरटी नाही तरी गल्लीटी एक गाडी आहेच, आणि मालक लोकांच्या गप्पा ऐका, चार दिलं, साडेचार दिलं, अमक्याची तर पाच देते म्हणे, आणि मग घरी येऊन तेच ड्रायवरच्या डोक्यावर. त्याची पाच देते तुझी का नाही देत? मग ड्रायवर बिचारा काय करणार, त्याला दोनच जादू माहित असतात, एक म्हणजे उतारावर न्यूट्रल आणि दुसरी म्हणजे चढावर शक्यतो गिअर उतरवायचाच नाही, टॉपमध्येच रेटायची. मी स्वतः काही वर्षं गाडी चालवली आहे, आता चालवून घेतो, आणि माझं ठाम मत असं झालंय की आपल्या भागातली निम्मी इंजिनं या दोन जादूंनीच उतरतात. गंमत म्हणजे डिझेल यांनी वाचत नाहीच, वाचतं ते वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्याच गोष्टींनी इंजिनही टिकतं.

न्यूट्रलचं आधी घेऊ. गाडी उताराला लागली, गिअरमध्ये आहे, रेसवरचा पाय पूर्ण काढला, तर इंजिनात डिझेल जातच नाही. शून्य. चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन फुकटात फिरतं. ईसीएमवाल्या, म्हणजे इंजिनाला कॉम्प्युटर असलेल्या गाडीत हे आहेच पण जुन्या पंपाच्या गाडीतही डिझेल कमी-जास्त करणारा गव्हर्नर हेच करायचा. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला, आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलचं, म्हणजे नुसतं हळू फिरत राहायचं डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे वाचवायला गेलो आणि उलटं जाळत बसलो. आणि ते डिझेल तरी थोडंच असतं हो, खरा घोटाळा ब्रेकचा आहे. इंजिन गाडी धरत नाही म्हणजे सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर, ड्रम तापतात, लायनर गुळगुळीत होऊन धरेनासे होतात, त्यात इंजिन आयडलला म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर हळू, हवा भरते कमी आणि ब्रेक मारून मारून खर्च होते जास्त, हवेचा काटा खाली खाली.

सेंधव्याकडून आग्रा रोडने बिजासन घाट उतरून पळासनेरला येणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुलै २०२३ मध्ये तिथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना ठोकत थेट हायवेच्या हॉटेलात घुसला होता, माणसं गेली. त्या गाडीत न्यूट्रल होतं असं मी म्हणत नाही, पण त्या उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहायचं नसतं एवढं तरी कळायला पाहिजे.

आता याच्या उलटी चूकही होते आणि ती नवीन पोरं जास्त करतात. उस्तादाने सांगितलेलं असतं घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा, म्हणून अर्धा उतार झाल्यावर, गाडी जोरात असताना, घाईघाईत दोन गिअर खाली. लोड अठरा टन, चाकं इंजिनाला फेकतात, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्याच्या पार पलीकडे. पोरगं म्हणतं माझा तर रेसवर पायच नव्हता. अरे बाबा पाय नव्हता हे खरं पण तेव्हा इंजिन डिझेलवर फिरतच नसतं, ते वजनावर फिरतंय, आणि वजनाला काही कुठला गव्हर्नर आवरत नाही. इतक्या फेऱ्यांवर वॉल्व्हच्या स्प्रिंगला वॉल्व्ह वेळेत बंद करता येत नाही, वॉल्व्ह उघडा राहतो आणि खालून पिस्टन येतो. पुढचं मिस्त्री सांगतो, बिलासकट. म्हणून गिअर घाटाच्या तोंडाशीच टाकायचा, उतारावर नाही. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यात किंवा त्याहून एक खाली, आणि मग एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा ब्रेक, चालू. इथे आणखी एक, काही जण मीटरवरच्या हिरव्या पट्ट्याचं, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या सोयीच्या फेऱ्यांचं, इतकं मनावर घेतात की उतारावरही काटा बाराशेवर ठेवायला बघतात. एक्झॉस्ट ब्रेक इंजिन जितकं जोरात फिरतं तितका चांगला धरतो, उतारावर काटा हिरव्याच्या वर, लालच्या बराच अलीकडे असला तर काही बिघडत नाही, डिझेल तर तेव्हा जळतच नाहीये.

चढाची जादू यापेक्षा घातक कारण तिचा आवाज होत नाही, म्हणजे होतो, पण ऐकून घेणारा पाहिजे. टॉप गिअर, काटा हजाराच्या खाली आलेला, रेस तळापर्यंत दाबलेली, गाडी थरथरतेय, केबिनमधला आरसा हलतोय, मागे काळा धूर. सायकलवर चढ आला आणि आपण मोठ्या दात्यावरच उभं राहून पायडल मारत राहिलो की गुडघ्याला जे होतं ते तेव्हा क्रँकला आणि बेरिंगला होत असतं. फेऱ्या कमी म्हणजे ऑइलचा पंप हळू, वॉटर पंप हळू, फॅन हळू, धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो हवा देत नाही, आणि डिझेल मात्र पूर्ण ओतलं जातंय. हवा कमी डिझेल जास्त म्हणजे ते पूर्ण जळत नाही, तोच तो काळा धूर, तो तुमच्या पैशाचाच धूर आहे. सिलेंडरमधला दाब सगळ्यात जास्त याच वेळी असतो आणि बेरिंगमध्ये ऑइलचा थर सगळ्यात पातळ पण याच वेळी. जळगावला एका मिस्त्रीकडे मी असली बेरिंगं हातात घेऊन पाहिली आहेत, वरच्या अर्ध्या कपच्या मधोमध वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांब्याच्या रंगाचं दिसायला लागलेलं, खालचा अर्धा कप मात्र जवळजवळ नव्यासारखा. कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा वरचाच भाग का गेला, तर पिस्टनचा धक्का वरून येतो. मिस्त्रीने गाडी पाहिली नव्हती की ड्रायवर पाहिला नव्हता तरी म्हणाला, हा टॉप सोडत नाही वाटतं.

मग चालवायची कशी? आजच्या बहुतेक इंजिनांची ओढ हजार-अकराशेपासून सोळाशेपर्यंत भरलेली असते, प्रत्येक गाडीचा आकडा थोडा वेगळा, पण मीटरवरचा हिरवा पट्टा कंपनीने त्याच हिशोबाने रंगवलेला असतो. सपाट रस्त्याला, लोड नसताना, बाराशेवर आरामात चाललेली गाडी म्हणजे उत्तम, तिथे उगीच खालचा गिअर नको. पण चढ दिसला, रेस वाढवूनही काटा खाली यायला लागला, की हजाराच्या खाली जायची वाट न बघता एक गिअर उतरवायचा. गिअर उतरवला की डिझेल जास्त खाते हा गैरसमज आहे, चढाला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच, ती इंजिनाला सोयीच्या फेऱ्यांवर काढू द्यायची की गळा दाबून काढायची एवढाच प्रश्न.

आणि खरं ॲव्हरेज पाहिजे असेल ना तर ते वेगात आहे. ताडपत्री बांधलेली भरलेली गाडी म्हणजे हवेपुढे उभी भिंत, वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, साठवरून ऐंशीला गेलात तर अडथळा जवळपास पावणेदोन पट. केळीवाल्यांना ही गोष्ट पटवणं सगळ्यात अवघड. माल कच्चा, दिल्लीची गाडी, पोचली पाहिजे, व्यापाऱ्याचा दर तासाला फोन. तरी सांगतो, साठ-पासष्टने न थांबता चालणारी गाडी आणि ऐंशीने पळवून ढाब्यावर दोन तास काढणारी गाडी यांच्यात पोचायला फरक थोडाच पडतो, डिझेलला मात्र भरपूर पडतो. टायरची हवा, आणि पुढचा खड्डा, टोलनाका, सिग्नल लांबून बघून वेळेत पाय काढणं, हे दुसरं. धुळ्यापासून जळगावपर्यंत काही ड्रायवर ब्रेकला हात, म्हणजे पाय, फारसा न लावता येतात, आणि काही प्रत्येक गावाला करकचून मारतात, आणि मग पुन्हा शून्यापासून अठरा टन ढकलत नेतात.

टर्बोचं तर रोज सांगून तोंड दुखतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, एका बाजूने सहाशे डिग्रीच्या आसपासचा धूर आणि मधे ऑइलचा पातळ थर, बस. ते ऑइल इंजिन चालू आहे तोवरच येतं. घाट चढून वर आला, समोर ढाबा दिसला, गाडी लावली आणि त्याच क्षणी चावी बंद, तर शाफ्ट अजून फिरतोय पण ऑइल बंद, आणि बेरिंगमध्ये राहिलेलं ऑइल तिथल्या तिथे जळून कोळसा होतं. एकदा केलं तर काही नाही, रोज केलं की शाफ्ट ढिला, ऑइल हवेत, निळा धूर. तीन ते पाच मिनिटं आयडलला ठेवा. पण हेही डोकं लावून करायचं, शेवटचे दोन किलोमीटर गावातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आला असाल तर टर्बो वाटेतच थंड झालेला असतो, मग पाच मिनिटं घड्याळ लावून बसायची गरज नाही. सकाळी चालू करतानाही तेच उलट्या बाजूने. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, चालू केल्या केल्या घूंऽऽ करून रेस देणारे लोक पाहिले की मला कसंतरीच होतं. ऑइलचा दाब आला, एक-दोन मिनिटं गेली की निघायचं आणि टेम्परेचरचा काटा हलेपर्यंत दमाने चालवायची. अर्धा तास उभी ठेवून गरम करायचा प्रकारही नको, डिझेल इंजिन आयडलला धड गरम होतच नाही, न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या लायनरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

आता आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४५ च्या वर पारा जातो हे काही नवीन नाही, आणि तेव्हा जो तो रेडिएटरच्या मागे लागतो. पहिला उपाय कोणता, तर थर्मोस्टॅट काढून फेकायचा. दुसरा, फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे कायम फिरता ठेवायचा. तिसरा, रेडिएटरचं झाकण हरवलं की चिंधी कोंबायची. तिन्ही वाईट. थर्मोस्टॅट ८०-८२ डिग्रीला उघडायला लागतो तो काय शोभेसाठी नाही, तो उघडला की पाणी रेडिएटरकडे जातं आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी मधला बायपास बंद होतो. तो काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात गाडी आणखी गरम आणि डिसेंबरच्या रात्री कधी गरमच होत नाही. झाकणामुळे आत दाब राहतो आणि दाबामुळे पाणी शंभरावरही उकळत नाही, चिंधीला काय दाब राहणार.

पण सगळ्यात मोठं पाप म्हणजे बोअरचं पाणी. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलचं काय होतं ते बघा, तेच इंजिनाच्या आत होतं, क्षार बसतात, आणि तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आणि कूलंट म्हणजे फक्त थंडीत गोठू नये म्हणून, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असं म्हणणारे मालक आहेत. त्यांना मी एकदा तरी काढलेला सिलेंडरचा लायनर बाहेरून बघा म्हणतो. आतून नाही, बाहेरून, जिथे पाणी लागतं तिथे. एका बाजूला उभ्या पट्ट्यात बारीक बारीक खड्डे, सुई टोचल्यासारखे, बोट फिरवलं की खरखर लागतात. स्फोटाच्या प्रत्येक धक्क्याला लायनर किंचित थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते लायनरवर फुटतात, फुटताना लोखंडाचा कण उडवतात. कूलंटमधल्या रसायनाचा पातळ थर लायनरला यापासून वाचवतो, साध्या पाण्यात तो थर नसतो. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, आणि इंजिन खाली. कूलंटचे पैसे वाचवून शेवटी इंजिनाचं काम, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

टेम्परेचरचा काटा लालकडे चालला तर काय करायचं हे सुद्धा बऱ्याच जणांना उलटं माहित असतं. घाटात गरम व्हायला लागली की गिअर उतरवा, रेस थोडी सोडा, म्हणजे लोड कमी पण पंप आणि फॅन जोरात. तरी उतरत नाही तर बाजूला घ्या, पाणी गळत नसेल आणि ऑइलचा दाब असेल तर लगेच बंद न करता थोड्या वाढीव आयडलला चालू ठेवा. पाइप फुटलाय, पाणीच गेलंय, तर मात्र तिथल्या तिथे बंद. झाकण उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाण्याची बादली तर अजिबात नाही, हेडला चीर जाते.

आपल्या खान्देशातलं एक खास दुखणं आहे जे मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. कापसाचा सीझन. जिनिंगला गाडी लागली की हवेत कापसाचा पिंजा उडत असतो, तो रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या) जाळीत जाऊन बसतो, वरून रस्त्याची धूळ, वरून किंचित ऑइल, झाली गादी तयार. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते कारण गादी दोन जाळ्यांच्या मधे असते. लोक पंप बदलतात, थर्मोस्टॅट काढतात, आणि दुखणं कापसाचं. दिवाळीनंतर दर थोड्या दिवसांनी मधून साफ करायचं, आणि साफ करताना पाण्याचा जोर इतका ठेवू नका की पात्या वाकतील.

एअर फिल्टरची तीच कथा. केळीच्या बागेतून निघणारे रस्ते म्हणजे काळ्या मातीचा भुगा, त्यात पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे चाललो तर विचारू नका. पंक्चरवाल्याकडे फिल्टर काढून चाकावर आपटायचा आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची ही पद्धत सगळीकडे आहे. हवेच्या जोराने कागदाला बारीक छिद्रं पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, धुळीला बरोबर दिसतात. फिल्टरच्या डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला की बदला, आतला छोटा फिल्टर तर कधीच साफ करायचा नसतो, तो बदलायचाच. आणि एक साधी गोष्ट दर महिन्याला करा, फिल्टर ते टर्बो जो रबरी पाइप जातो तो फिल्टरकडून सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोट कोरडं स्वच्छ आलं तर छान. बोटाला पिठासारखी धूळ लागली तर पाइपला कुठे चीर आहे किंवा क्लिप ढिली आहे, आणि ती धूळ टर्बोची पाती, रिंगा, लायनर सगळं घासत चाललीये. मग ऑइल पितेय, ब्रीदरमधून धूर मारतेय, दम देत नाही, अशा तक्रारी सुरू होतात.

डिझेलचं थोडक्यात. नवीन इंजिनांत डिझेल एका नळीत दाबून ठेवून फवारतात, त्या कॉमन रेलमध्ये १६०० बारच्या वर दाब असतो, इंजेक्टरमधल्या फटी केसापेक्षा कितीतरी बारीक. हायवेवर कुठे कॅनमध्ये स्वस्तात मिळतं म्हणून घेतलेलं काहीतरी त्यातून घालायचं नाही, मग ते काय नावाने का विकत असेनात. वॉटर सेपरेटरचा खालचा खटका रोज सकाळी सोडून पाणी काढा. नवीन फिल्टर बसवताना त्यात बादलीतलं डिझेल ओतून भरायची सवय सोडा, ते डिझेल फिल्टर न होता सरळ पंपात जातं, हात पंप मारून भरा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांनी आणखी एक भानगड आणली, धूर साफ करायला लागणारा युरिया. शेतकरी माणूस, घरात युरियाच्या गोण्या, डोक्यात येणारच की पाण्यात कालवून टाकू. नका टाकू. गाडीचा युरिया म्हणजे शुद्ध पाण्यात बरोबर ३२.५ टक्के, त्यात क्षार चालत नाहीत, शेताच्या युरियात आणि आपल्या पाण्यात जे आहे ते नोझल आणि पुढचं सायलेन्सर चोक करतं, आणि त्या सायलेन्सरची किंमत विचारून बघा एकदा. निळ्या झाकणाच्या टाकीतला माल चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर गाडी चालूच करू नका, आधी टाकी रिकामी करा. रीजनचा, म्हणजे सायलेन्सरमधली काजळी जाळायचा, दिवा लागला की ड्रायवर घाबरून गाडी बंद करतात, ते पण नको, हायवेला थोडी जोरात चालू द्या, काजळी आपोआप जळते. उभी करून रीजन मारायची वेळ आली तर जागा बघा. सायलेन्सरमधून तेव्हा भयंकर उष्ण धूर येतो, खाली वाळलेली केळीची पानं, पऱ्हाटी, गवत असलं तर पेटायला वेळ लागत नाही.

मी स्वतः काय केलं, तर ॲव्हरेजचं बक्षीस बंद केलं. ते बक्षीस होतं तोवर न्यूट्रल सुटणारच नव्हतं, कितीही ओरडा. आता बक्षीस आहे ते ब्रेकचे लायनर, क्लच आणि टायर किती टिकले यावर, आणि गाडीत ट्रॅकिंग आहे, त्यात आयडल किती, लालमध्ये किती वेळा, न्यूट्रलमध्ये किती हे सगळं दिसतं, महिन्यातून एकदा ड्रायवरबरोबर चहा पीत ते बघतो, भांडत नाही. ॲव्हरेज पडलं नाही. उलट थोडं वाढलं. ड्रायवरही खूश कारण घाटात त्याच्यावर आता कसलं दडपण नाही.

एका गोष्टीवर मात्र आमची अजून ओढाताण चालू आहे. २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलंच झालं, पण एसी चालवायचा म्हणजे झोपतानाही इंजिन चालू. तासाला दीड-दोन लिटर तर जातंच, वर आयडलला धूर थंड, काजळी जमा, रीजन लवकर. माझ्यासारख्या माणसाला रात्रभर आयडल चाललेली गाडी बघवत नाही. ड्रायवर म्हणतो, सेठ, तुम्ही मे महिन्यात भुसावळ बायपासला एक रात्र पत्र्यात झोपून दाखवा. बरोबर आहे त्याचं. न झोपलेला ड्रायवर इंजिनापेक्षा महाग पडतो. म्हणून एप्रिल, मे आणि अर्धा जून मी काही बोलत नाही, सकाळी निघाल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी हायवेला एका दमात चालवायची म्हणजे काजळी जळून जाईल एवढं ठरलंय, आणि ऑइल मी त्या काळात थोडं लवकर बदलून घेतो. दिवाळीनंतर पुन्हा भांडू.